पावसाळ्याआधीचे सरपण

लोणी काळभोर हे गाव पुण्याच्या पूर्वेला, सोलापूर रस्त्यावर आहे. उत्तरेला मुळा-मुठा नदी आहे. खडकवासल्याचा कालवा गावाजवळून जातो. कालव्याच्या पाण्यावर ऊस होतो, भाजीपाला होतो. गावात तेलाची मोठी आगारे आहेत. मुंबईहून जमिनीखालच्या नळातून पेट्रोल-डिझेल येते ते इथल्या टाक्यांत साठवतात. तेलाचे टँकर रस्त्याने रात्रंदिवस ये-जा करतात. घरात गॅसची शेगडी आली आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि ज्यांच्याकडे गॅस नव्हता, त्यांतल्या पुष्कळ जणींकडे तोही आला.

तरी थंडीच्या दिवसांत पहाटे गावातून एक चक्कर मारा. परसात चूल पेटलेली दिसते. चुलीवर आंघोळीच्या पाण्याचे भगुले असते. कुठे जुना तांब्याचा बंब धुगधुगत असतो. याचे कारण सरळ आहे. गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो. पाच-सहा माणसांच्या आंघोळीचे पाणी रोज त्यावर तापवायचे म्हटले, तर टाकी महिनाभर पुरत नाही. म्हणून चहा आणि भाजी गॅसवर, पाणी आणि भाकरी चुलीवर, अशी वाटणी घरोघर झाली आहे. यात कमीपणा काही नाही. पण चूल ठेवायची तर ती नीट जळली पाहिजे.

आषाढात ती नीट जळत नाही. बाहेर पाऊस असतो. चूल आत घेतलेली असते. लाकूड सुंसुं करते, टोकातून फेस काढते आणि धुमसत राहते.

“सूनबाई, अगं जरा नीट फुंक की!”

“फुंकतेच आहे, आत्याबाई. लाकूडच पेटत नाही, त्याला मी काय करू?”

सुनेचे डोळे लाल होतात. जवळ बसलेले पोर खोकते. सासूबाईंना वाटते, हल्लीच्या मुलींना चूल पेटवता येत नाही. सुनेला वाटते, चूलच वाईट आहे. खरे म्हणजे दोष सुनेचाही नाही आणि चुलीचाही नाही. लाकडात पाणी आहे.

आता असे बघा. झाड उभे असते तेव्हा ते मुळांनी पाणी ओढते. ते पाणी लाकडाच्या बारीक बारीक नळ्यांतून शेंड्यापर्यंत चढते. झाड तोडले तरी नळ्यांतले पाणी तिथेच राहते. नुकत्या तोडलेल्या लाकडाचे वजन १०० किलो भरले, तर त्यात ४० ते ५० किलो पाणीच असते. झाडाझाडांत फरक पडतो, पण साधारण हिशेब हा असा. तेच लाकूड उन्हा-वाऱ्यात चांगले वाळले की ६०-७० किलोंवर येते. म्हणजे वखारीतून किंवा गाडीवाल्याकडून ओले लाकूड तोलून घेतले, तर पैसे १०० किलोंचे गेले आणि जळण ६०-७० किलोच हाती आले. बाकीचे पाणी आपण विकत घेतले.

नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. ते पाणी चुलीत गेल्यावर त्याची वाफ व्हावी लागते. त्याशिवाय लाकूड पेटतच नाही. एक लिटर उकळते पाणी पुरते आटवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात सहा लिटरांहून जास्त गार पाण्याला उकळी येते. ओल्या लाकडाची बरीच ताकद आपलेच पाणी आटवण्यात आणि जाळ थंड पाडण्यात जाते. भगुल्यापर्यंत काय पोचणार?

आणि धूर कुठून येतो? लाकूड तापले की त्यातून आधी वायू निघतो. हा वायू पेटतो तीच ज्योत. चूल चांगली तापलेली असेल आणि हवा मिळत असेल, तर वायू सगळा जळून जातो. लाकूड ओले असले की चूल तापत नाही. वायू न जळताच वर जातो. तोच धूर. धूर म्हणजे न जळलेले सरपण. आपण ते डोकीवरून वाहून आणले, फोडले, चुलीत घातले, आणि ते भिंतीला काजळी होऊन लागले. उरले ते आपल्या छातीत गेले.

छातीत जाते ही गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत २ लाख ३७ हजारांवर मुले पाच वर्षांच्या आतली होती. लहान मुलांना न्यूमोनिया होतो. बायकांना दम लागतो, डोळ्यांत मोतीबिंदू लवकर होतो. “आमच्या आजीने जन्मभर चूलच फुंकली, तिला काही झालं नाही,” असे लोक सांगतात. आजीचा खोकला कोणी मोजत नव्हते.

म्हणून सरपण वाळवायचे. आणि ते पावसाळ्याआधी वाळवायचे. मृग लागतो जूनच्या पहिल्या आठवड्यात. त्या वेळी लाकूडफाटा गोळा करायला धावले, तर उशीर झालेला असतो. लाकूड पौष-माघात तोडावे. तेव्हा शेतात रब्बीची कामे थोडी हलकी असतात आणि हवा कोरडी असते. फाल्गुन, चैत्र, वैशाख हे तीन महिने आपल्या भागात जसे ऊन असते, तसे ऊन लाकडाला दुसरे मिळत नाही. परदेशातल्या थंड मुलुखात सरपण वाळायला वर्ष वर्ष जाते. आपल्याकडे फोडलेले लाकूड त्या तीन महिन्यांत वाळते. ऊन फुकट आहे, ते वाया का घालवा?

मात्र लाकूड फोडले पाहिजे. ओंडका तसाच ठेवला तर वर्षानेही आतून ओलाच निघतो. साल ही झाडाची कातडी आहे. पाणी बाहेर जाऊ नये म्हणूनच ती असते. पाणी बाहेर पडते ते मुख्यतः कापलेल्या तोंडांनी आणि फोडलेल्या अंगाने. म्हणून आधी ओंडक्याचे हातभर लांबीचे तुकडे करावेत. मग ते उभे करून कुऱ्हाडीने फोडावेत. गाठीचे लाकूड असेल तर पाचर ठोकून घणाने फोडावे. चुलीसाठी मनगटाएवढी ढलपी पुरे. बंबासाठी आणखी आखूड हवी. बाभूळ ओली असतानाच फोडावी. वाळल्यावर ती कुऱ्हाडीला दाद देत नाही, हे कोणत्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा. फोडताना पाय फाकून उभे राहावे, आणि मुलांना जवळ उभे राहू देऊ नये. कुऱ्हाडीचा दांडा सैल असेल तर आधी तो घट्ट करावा.

लाकूड कोणते? बाभळीसारखे सरपण नाही. जड, घट्ट, सावकाश जळणारे, आणि निखारा टिकणारा. भाकरीला निखारा लागतो, म्हणून बाभूळ. ओढ्याकाठी आणि पडीक जागेत वेडी बाभूळ माजली आहे. तिचे काटे वाईट, पण जळण चांगले, आणि ती तोडली तर कोणाला वाईट वाटत नाही. शेवगा आणि पांगारा यांचे लाकूड भुसभुशीत असते. भुर्रकन जळते आणि राख होते. कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या यांचे तसेच. त्या चूल पेटवायला उत्तम, पाणी तापवायला पुरत नाहीत. उसाचे पाचट तर चुलीत घालूच नये. एक भडका आणि संपले. ते शेतातच सरींमध्ये कुजू द्यावे. जमिनीला त्याचा उपयोग जास्त आहे.

सुबाभूळ पुष्कळांच्या बांधावर आहे. तिची आपल्या भागाशी ओळख जुनी आहे. सोलापूर रस्त्यानेच पुढे गेले की उरुळी कांचन लागते. महात्मा गांधी १९४६ साली तिथे आले होते आणि निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. पुढे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली तिथेच बाएफ ही संस्था काढली. या संस्थेने गाईंच्या सुधारणेबरोबर सुबाभळीचाही प्रसार केला. हे झाड लवकर वाढते. पाला जनावरे खातात. गुडघाभर उंची ठेवून तोडले तर बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात. लाकूड बाभळीइतके टिकत नाही, पण लवकर वाळते. एकच पथ्य आहे. शेंगा पिकून बी सांडू देऊ नये. नाही तर ते सगळ्या रानात होते आणि मग उपटता उपटता पुरेवाट होते.

स्वतःच्या शेतातले झाड असले तरी ते विचारल्याशिवाय तोडता येतेच असे नाही. महाराष्ट्रात १९६४ सालचा झाडे तोडण्याबाबतचा कायदा आहे. आंबा, चिंच, जांभूळ, सागवान अशा झाडांना आधी परवानगी लागते. तलाठ्याकडे चौकशी करावी. फांद्या छाटून होत असेल तर झाड कशाला पाडायचे?

काही लाकडे मुळीच जाळू नयेत. कण्हेर विषारी आहे. तिचा धूरही वाईट. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर डोळा जाण्याची पाळी येते. त्याहून मोठा धोका आता नवा आला आहे. पुण्याजवळ असल्यामुळे इथे बांधकामे आणि कारखाने यांचे टाकाऊ लाकूड स्वस्त मिळते. रंग दिलेल्या चौकटी, प्लायवूडचे तुकडे, यंत्रांच्या पेट्यांच्या फळ्या. कोरडे असते, छान पेटते, म्हणून लोक भरभरून आणतात. पण जुन्या रंगात शिसे असते. प्लायवूडमध्ये डिंकासारखी रसायने असतात. ते जाळले की विषच घरात येते. साध्या फळ्या चालतील. रंगाचा, चकाकीचा किंवा औषधाच्या वासाचा तुकडा चुलीत नको. तसेच चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी किंवा टायरचा तुकडा वापरू नका. तुराटीचे चार काटके आणि वाळलेली गोवरी एवढ्यावर चूल पेटते.

आता लाकूड वाळले की नाही, हे कसे ओळखायचे? जुनी माणसे दोन ढलप्या एकमेकींवर आपटतात. वाळलेले लाकूड टणटण वाजते. ओले धप्प वाजते. वाळलेल्या ढलपीच्या टोकांना भेगा पडलेल्या असतात. साल सुटून येते. या खुणा चांगल्या आहेत. पण याहून पक्की खूण तुम्हां-आम्हांला आता करता येते, कारण आपल्याला आकडे लिहिता येतात. ढिगातली एक मधली ढलपी घ्या. तिच्यावर खूण करा. ताणकाट्याला अडकवून वजन करा. ताणकाटा नसेल तर भाजीवाल्याच्या काट्यावर करा, तो नाही म्हणत नाही. मग घराच्या भिंतीवर खडूने तारीख आणि वजन लिहा. दर आठ दिवसांनी तीच ढलपी पुन्हा तोला. समजा पहिल्या दिवशी ती २ किलो भरली. पुढच्या आठवड्यात १ किलो ८०० ग्रॅम, मग १ किलो ६५० ग्रॅम. वजन उतरत जाईल. लागोपाठ दोनदा वजन तेवढेच आले, की समजावे लाकूड वाळले. सासूबाईंच्या कानाला जे कळते, ते सुनेच्या खडूलाही कळते. मग भांडण राहत नाही.

गुऱ्हाळवाल्यांना ही गोष्ट पूर्वीपासून ठाऊक आहे. दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर जाऊन बघा. चरकातून निघालेले चिपाड निम्मे पाण्याचे असते. ते लगेच चुलवाणात घालत नाहीत. आधी मोकळ्या रानात पसरतात, चांगले कडकडीत करतात, मग काहिलीखाली जाळतात. ओले चिपाड घातले तर काहील तापायची नाही आणि रस बिघडेल. तिथे नुकसान ताबडतोब दिसते, म्हणून काळजी घेतात. घरच्या चुलीचे नुकसान हळूहळू होते, म्हणून आपण चालवून घेतो.

वाळलेले सरपण पावसाळाभर कोरडे ठेवणे हे अर्धे काम आहे. ते जमिनीवर ठेवू नये. जमिनीची ओल चढते आणि वाळवी लागते. खाली चार दगड किंवा विटा ठेवाव्यात. त्यांवर दोन वासे आडवे टाकावेत. त्यावर ढलप्यांची थप्पी लावावी. थप्पी रचताना दोन ढलप्यांत बोटभर फट राहू द्यावी, म्हणजे वारा आरपार खेळतो. आपला पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. त्या बाजूला आडोसा करावा आणि पूर्वेची बाजू मोकळी ठेवावी. वर पत्रा टाकावा. पत्र्याला उतार द्यावा आणि वर दगड ठेवावेत, नाही तर वळवाच्या वाऱ्यात पत्रा शेजाऱ्याच्या अंगणात जातो.

पुष्कळ जण सगळी रास मेणकापडाने गुंडाळून टाकतात. वाटते की आता थेंब जाणार नाही. थेंब जात नाही हे खरे. पण आतली ओलही बाहेर येत नाही. आत घाम धरतो, बुरशी येते आणि श्रावणात काढावे तर लाकूड काळे पडलेले. झाकायचे ते फक्त डोक्यावर. अंग मोकळे पाहिजे.

थप्पी घराच्या भिंतीला चिकटवू नये. हातभर अंतर ठेवावे. कडब्याच्या गंजीजवळ तर मुळीच नको. एक ठिणगी पडली तर दोन्ही जातात. थप्पीत उंदीर शिरतात आणि उंदरांच्या मागे साप येतात. नाग, घोणस, मण्यार यांना अशी अडगळ आवडते. विंचूही असतो. म्हणून अंधारात हात घालून लाकूड ओढू नये. आधी काठीने ठोकावे, उजेड धरावा, मग वरची ढलपी उचलावी. मुलांना सरपण आणायला पाठवू नये. साप चावलाच तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चिरू नका, दोरीने आवळून बांधू नका. माणसाला चालू देऊ नका, धीर द्या. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावरची लस तिथे मिळते.

चुलीजवळ दोन दिवसांपुरते सरपण आणून ठेवावे. चुलीच्या उबेने ते आणखी कोरडे होते. पण चुलीला टेकवून वाळत घालू नये. रात्री निखारा उडाला तर घर पेटते. राख रोज काढावी, म्हणजे खालून हवा जाते. एकदम चार ढलप्या कोंबू नयेत. दोन घालाव्यात, जळतील तशा पुढे सारत जाव्यात. वैलावर दुसरे भांडे ठेवावे, जाळ फुकट जाऊ देऊ नये. पाण्याच्या भगुल्यावर झाकण हवे. वीस लिटरांची बादली आंघोळीपुरती तापवायला साध्या चुलीत वाळलेले लाकूड किलो-दीड किलो लागते. बंबात त्याहून कमी लागते, कारण बंबात जाळ मधल्या नळीत असतो आणि पाणी त्याच्या चारी बाजूंनी असते. उष्णता सहज निसटत नाही. जुना बंब मोडीत घालणाऱ्यांनी एकदा हा हिशेब करावा. चुलीवर धुराडे असेल तर फारच चांगले.

एक जागा मात्र अशी आहे, जिथे वाळलेले सरपणही चालत नाही. ती म्हणजे बंद खोली. थंडीत पुष्कळ घरांत निखाऱ्यांची शेगडी खोलीत घेऊन दार लावतात आणि झोपतात. बाळंतिणीच्या बाजेखाली शेक म्हणून शेगडी ठेवायची तर चालच आहे. खिडकी लावून घेतात, फटींत फडकी कोंबतात. मायेपोटीच करतात. पण निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. डोके जड होते, झोप आल्यासारखे वाटते, आणि माणूस झोपेतच जातो. “निखारे लाल झाले, धूर गेला, आता काय भीती?” असे म्हातारी माणसे म्हणतात. धुराची भीती गेली, हे बरोबर. पण हा वायू लाल निखाऱ्यांतूनच येतो, आणि बंद खोलीत तो साठत जातो. नुकत्या जन्मलेल्या बाळाला तो मोठ्या माणसापेक्षा लवकर बाधतो.

बाळाला ऊब द्यायची तर आईने त्याला उघड्या छातीशी धरावे आणि वरून दोघांवर गोधडी घ्यावी. डोक्याला टोपरे घालावे. दवाखान्यातही कमी वजनाच्या बाळांना असेच ठेवतात. आईची कंबर शेकायची असेल तर वीट अंगणातल्या चुलीवर तापवावी. जाड फडक्याच्या दोन-तीन घड्यांत गुंडाळावी. आधी आपल्या मनगटाला लावून बघावी, मग तिला द्यावी. बाळाच्या अंगाशी ती नेऊ नये. शेगडी अंगणातच राहू द्यावी, आणि खोलीची खिडकी वीतभर उघडी.